समन्स अण्णांच्या नावानं आलंय, पण अण्णांना ते कळतच नाही. त्यांच्या वतीनं कोर्टात कोण उभं राहणार?

कृष्णाकाठची

नमस्कार. बरीच वर्षं इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. वडील, म्हणजे अण्णा, मराठी शाळेत मास्तर होते. वय ७८. २०२१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यातून चालायला लागले, पण स्मरण हळूहळू गेलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून लिहून दिलंय. आईला ओळखतात, मला कधी मी म्हणून तर कधी आत्या म्हणून ओळखतात. सकाळी दहा वाजले की शाळेत जायचंय म्हणून चपला शोधतात.

गेल्या महिन्यात धाकट्या काकांनी वाटपाचा दावा टाकला. वडिलोपार्जित साडेचार एकर, त्यात विहीर. प्रतिवादी नंबर एक अण्णा. बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. त्यानं कागद पुढं केला आणि अण्णांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला, पोरानं आणलेली रजेची चिठ्ठी ठेवावी तसा. बेलिफानं समन्स बजावल्याची नोंद केली आणि गेला.

मोठ्या भावानं तालुक्याला एक वकील पाहिले. ते म्हणाले, "वकीलपत्रावर अंगठा घेऊन या, बाकी मी बघतो." दादानं घरी येऊन अण्णांचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. ज्या माणसानं चौतीस वर्षं मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, त्याचा अंगठा! अण्णा नंतर तासभर शाई पुसत बसले होते. मला ते बघवलं नाही.

दादाकडे २०१९ चं, अण्णा पूर्ण शुद्धीत असतानाचं, नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र आहे. तो म्हणतो त्यावर सगळं चालतं. शिवाय काकांशी बोलून, दीड एकर सोडून वर रोख रक्कम घ्यायची, असं त्याच्या मनात आहे. मला ते पटत नाही, पण माझं सोडा. अण्णांना काय हवं असतं, हे कोर्टात कोण सांगणार? ज्याला आपल्यावर दावा आहे हेच कळत नाही, त्याच्या वतीनं बोलायची कायद्यात काय सोय आहे? आणि हे कोर्टाला सांगितलं तर अण्णांना "वेडा" ठरवतील का? आई त्याच भीतीनं गप्प आहे.

---

दिवाणीवाला

ताई, मी दिवाणी कोर्टातच काम करतो. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो.

सगळ्यात आधी त्या भीतीबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२ आहे. तो मुळात अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलांसाठी. सातबाऱ्यावर "अ.पा.क. आई" असं लिहिलेलं पाहिलं असेल, अज्ञान पालनकर्ता. तसाच पालक दाव्यातही लागतो. त्याच आदेशाचा नियम १५ ही तरतूद मनाची शक्ती गेलेल्या माणसांना लागू करतो, आणि तो दोन प्रकारची माणसं धरतो. एक, ज्यांना आधीच कोर्टानं मनोविकल ठरवलंय. दुसरी, ज्यांना कोणी कधी तसं ठरवलेलं नाही, पण दावा चालवणाऱ्या कोर्टाला चौकशी केल्यावर दिसतं की मानसिक दुर्बलतेमुळं हा माणूस स्वतःचं हित राखू शकत नाही. तुमचे अण्णा दुसऱ्या प्रकारात. तिथं "वेडा" असा शिक्का बसत नाही. या दाव्यात त्यांना आपली बाजू सांभाळता येत नाही, एवढंच कोर्ट नोंदवतं.

हे ठरलं की प्रतिवादीसाठी दाव्यापुरता पालक नेमतात. तसा माणूस स्वतः दावा लावणार असेल तर त्याच्या वतीनं उभा राहणारा तो वादमित्र. पालक कोण होऊ शकतो? सज्ञान, शुद्ध मनाचा, समोरच्या पक्षात नसलेला, आणि ज्याचा हितसंबंध त्या माणसाच्या हिताच्या आड येत नाही असा. त्याची लेखी संमती लागते आणि हितसंबंध आड येत नसल्याचं शपथपत्र अर्जासोबत लागतं. तुमचा दादा इथंच अडेल. ज्याला दीड एकर सोडून पैसे घ्यायचेत तो अण्णांचा पालक कसा?

आता कुलमुखत्यारपत्र. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणारा मेला किंवा त्याचं मन शुद्ध राहिलं नाही, की ते मुखत्यारपण संपतं. २०१९ मध्ये अण्णा शुद्धीत होते म्हणून पत्र तेव्हा खरं. आज त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्रभर हजारो घरांत हे पत्र कपाटात जपून ठेवलंय आणि लोकांना वाटतं म्हातारपणाची सोय झाली. नेमकं गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं.

आणि त्या अंगठ्याचं वकीलपत्र ताबडतोब मागं घ्यायला लावा. ज्याला कळत नाही त्यानं वकील नेमला असं होत नाही.

---

माणदेशी

राग मानू नका, पण एवढं कशाला? आमच्या आज्याचं असंच होतं. अंगठा घेतला, दावा चालला, तडजोड झाली. पाच वर्षं झाली, कोणी काही विचारलं नाही. चौकशी, डॉक्टर, अर्ज करत बसलं की दोन वर्षं नुसती त्यातच जातात. म्हातारं माणूस तोवर राहतंय का?

---

दिवाणीवाला

माणदेशी, तुमची अडचण खरी आहे. तारखांनी माणूस संपतो, मी रोज बघतो. पण १९६८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, रामचंद्र आर्य विरुद्ध मानसिंग. मनोविकल माणसाविरुद्ध पालक न नेमता हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला आणि दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीत, त्याचं घर लिलावात गेलं. न्यायालयानं म्हटलं, हुकूमनामाच शून्य, त्यामुळं लिलावही शून्य. म्हणजे ज्यानं घर घेतलं त्याच्या हातात काही उरलं नाही. तुमच्याकडं पाच वर्षं कोणी विचारलं नाही हे बरं झालं. पण ती जमीन उद्या विकायला काढाल तेव्हा समोरचा वकील शोध घेईल आणि हाच मुद्दा निघेल.

म्हणून मी तर वादीच्या वकिलालाही सांगतो, समोरचा माणूस असा आहे हे माहीत असेल तर पालक नेमायचा अर्ज तुम्हीच द्या. नियम ३ प्रमाणे वादीलाही तो देता येतो. त्यात त्याचाच बचाव आहे.

---

निशिगंध

मला दुसरी बाजू सांगायची आहे, कारण ही तरतूद हत्यार म्हणूनही वापरतात.

माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. बारा वर्षं औषधं चालू, शिकवण्या घेते, स्वतःची बस स्वतः पकडते. नवऱ्यानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली मनोविकाराचं कारण देऊन घटस्फोटाचा अर्ज टाकला. लगेच दुसरा अर्ज आला, की ही स्वतःची बाजू सांभाळू शकत नाही, हिला पालक नेमा. आणि सुचवलेला पालक कोण, तर आमचे एक चुलत मामा. त्यांना दहा वर्षांत ती एकदाही भेटलेली नव्हती.

आमच्या वकीलबाईंनी तेव्हा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढला. त्यात कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याचं मन शुद्ध नाही असं धरायचं नाही, ते सक्षम न्यायालयानं जाहीर करावं लागतं. कलम ४ म्हणतं की माहिती समजणं, निर्णयाचा परिणाम उमगणं आणि निर्णय कळवता येणं, हे जमत असेल तर माणूस आपल्या उपचारांचा निर्णय घ्यायला समर्थ. ते उपचारांपुरतं आहे हे खरं, पण कोर्टाला विचार करायला तोच धागा उपयोगी पडला. कलम १०५ ही आहे: मानसिक आजाराचा पुरावा कोर्टात आला आणि समोरच्यानं तो नाकारला, तर कोर्टानं ते त्या कायद्याखालच्या मंडळाकडं तपासायला पाठवायचं.

न्यायाधीशांनी बहिणीला चेंबरमध्ये बोलावलं. विचारलं, तुम्हाला हा दावा कशाचा आहे माहीत आहे का. ती म्हणाली, "हो. ते म्हणतात मी आजारी आहे म्हणून त्यांना मोकळं करा. मला मोकळं व्हायचंय, पण मी आजारी आहे म्हणून नाही." पालकाचा अर्ज फेटाळला. पुढं तिनंच साक्ष दिली, उलटतपास सोसला. घटस्फोट झाला, पोटगी मिळाली, आणि ज्या कारणानं तो मागितला होता त्या कारणानं नाही झाला.

म्हणून सांगते, चौकशी नीट व्हायलाच हवी. ती झाली नसती तर माझ्या बहिणीच्या संसाराचा निकाल एका अनोळखी मामाच्या सहीनं लागला असता.

---

कृष्णाकाठची

निशिगंध, तुमच्या बहिणीचं ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे विचारत्यात तरी."

दिवाणीवाला दादा, मग मी पालक होऊ का? अण्णा माझ्याकडं पुण्यातही सहा महिने होते.

---

दिवाणीवाला

ताई, तुम्हालाही तोच प्रश्न लागू आहे, रागावू नका. जमीन वडिलोपार्जित म्हणता. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतःच हिस्सा आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात ते पक्कं केलं. म्हणजे या जमिनीत तुमचाही वाटा. दादाचा जसा, तसाच. म्हणून तुमचं हित आपोआप आड येतं असं नाही, पण दादाचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल.

घरात असं कोण आहे ज्याला अण्णांचं भलं हवंय आणि जिला या वाटपात स्वतःसाठी काही ओढायचं नाही?

---

माजी_नाझर

मी एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केली, शेवटची नऊ नाझर, म्हणजे बेलिफांचा वरिष्ठ, म्हणून. घरचं कोणी योग्य मिळालं नाही तर नियम ४ प्रमाणे कोर्ट आपल्याच अधिकाऱ्याला पालक नेमू शकतं. ती जबाबदारी माझ्यावर किती वेळा आली असेल, मोजली नाही.

मनापासून सांगतो. मी प्रामाणिकपणे काम केलं, पण माझ्यासमोर फक्त फाईल असायची. त्या माणसाची विहीर कुठली, त्याच्या बापानं कुठला बांध घातला, त्याचा कुणावर विश्वास होता, हे मला कुठून कळणार? दाव्यातलं सगळं नाकबूल, एवढी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आम्ही द्यायचो, कारण चुकून काही कबूल होऊन त्याचं नुकसान व्हायला नको. हक्काचं संरक्षण होतं, पण त्याची बाजू मात्र कोर्टापुढं येत नाही.

एकदा एका आजीबाईसाठी नेमणूक झाली होती. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. त्यांना काही आठवत नव्हतं, पण परसातल्या एका आंब्याखाली नेऊन त्यांनी माझा हात खोडावर ठेवला आणि सोडेनात. वाटणीत ते झाड समोरच्याच्या हिश्श्यात दाखवलं होतं. मी ते कैफियतीत लिहिलं. घरच्या माणसाला ते आधीच ठाऊक असतं. म्हणून म्हणतो, घरचं माणूस शोधा.

तारखेचंही बघा. लेखी कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत. पालक नेमायचा अर्ज त्याआधी द्या, नाहीतर दावा एकतर्फी, अण्णांची बाजू न ऐकताच, जायची भीती.

---

वऱ्हाडी_आई

मी नागपूरहून. माझी मुलगी चोवीस वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. तुमच्या प्रश्नाशी थोडं वेगळं आहे, पण अनेक आईबापांना माहीत नसतं म्हणून लिहिते.

मूल अठराचं झालं की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. मला हे बँकेच्या काउंटरवर कळलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. समितीत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो, मुलीला सोबत नेलं. त्या दिव्यांग सदस्यानं आमच्याशी नाही, आधी तिच्याशी गप्पा मारल्या. तिला विचारलं, आईसोबत राहायला आवडतं का.

नेमणूक झाली की काम संपत नाही. सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि दरवर्षी मार्च संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. मी वही ठेवते. औषध, रिक्षा, थेरपी, सगळं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी तिला दुचाकीनं उडवलं. अपघात न्यायाधिकरणात तिच्या वतीनं मी होते. भरपाई मंजूर झाली, पण मोठी रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली आणि मला फक्त व्याज मिळतं. आधी राग आला. आईवर भरवसा नाही का? आता कळतं. मी गेल्यावर कुणी तिचा पालक होईल, त्याच्या हातात ती रक्कम सरळ पडणार नाही.

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या सेवेत काम करते, माहेर नाशिक. इथं २००५ चा मानसिक क्षमता कायदा आहे. त्याचं पहिलं तत्त्वच असं, की समोरच्याला क्षमता आहे असंच धरून चालायचं, नसेल तर ते सिद्ध करा. आणि एखाद्यानं आपल्याला न पटणारा निर्णय घेतला म्हणून त्याला क्षमता नाही असं म्हणायचं नाही.

वऱ्हाडी ताईंनी लिहिलंय तसं इथंही कोर्टात त्या व्यक्तीच्या वतीनं उभं राहणारा माणूस असतो, आणि कोणीच नसेल तर शेवटचा उपाय म्हणून सरकारी अधिकारी. पण मला हेवा वाटतो तो एका गोष्टीचा: इथं माणूस शुद्धीत असतानाच असं मुखत्यारपत्र करून नोंदवू शकतो जे क्षमता गेल्यावरही चालू राहतं. माझ्या नाशिकच्या मावशीला ते करता आलं असतं तर तिच्या औषधासाठी तिचंच खातं उघडायला सहा महिने लागले नसते. भारतात हे नाही, आणि ते यायलाच हवं.

---

तळ्याकाठी

लीड्सकर, त्या पोकळीमुळंच लोक उच्च न्यायालयात जातात. माझा मेहुणा कोमात होता. बँक म्हणे त्याची सही हवी. कोमातल्या माणसासाठी पालक नेमायचा कुठलाच कायदा नीट लागत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या यादीत तो बसत नाही, आणि मानसिक आरोग्याच्या नव्या कायद्यात मालमत्तेच्या पालकाची तरतूदच नाही. शेवटी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका. मुंबई उच्च न्यायालयानं अशा बऱ्याच प्रकरणांत बायकोला पालक नेमलंय. आमच्याकडंही तसंच झालं. पण रुग्णालयाचं बिल चढत असताना घरच्या बाईला वकील गाठून उच्च न्यायालयात जावं लागतं, हे बरोबर नाही.

---

माजी_नाझर

वादमित्र कोण, या प्रश्नावरून अरुणा शानबाग आठवल्या. केईएम रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुढं वर्षानुवर्षं भान नसलेल्या अवस्थेतच राहिल्या. त्यांच्या वतीनं पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं विराणींचं काम मान्य केलं, पण वादमित्र म्हणून त्यांना मानलं नाही. ज्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी इतकी वर्षं अरुणाताईंना न्हाऊमाखू घातलं, तोंडात घास भरवला, त्यांना मानलं. २०१५ च्या मे महिन्यात त्या गेल्या.

तुम्ही घरात पालक शोधताय तेव्हा हे मनात धरा.

---

पायवाट

मी मनोरुग्णालयात समाजसेवा विभागात होते. तुम्ही सगळे जमिनीबद्दल बोलताय, मी तुरुंगाबद्दल सांगते.

फौजदारी खटल्यात आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नसेल तर खटला थांबवावा लागतो. आधी हे दंड प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. हेतू चांगला आहे. पण खटला थांबला की माणूसही तिथंच थांबतो. आसामचे मचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले, खटला न चालता ५४ वर्षं कोठडीत राहिले, २००५ मध्ये सुटले. डॉक्टरांनी ते बरे आहेत असं केव्हाच लिहून दिलं होतं. ते वाचून कोर्टापुढं नेणारं त्यांचं कोणी नव्हतं.

आमच्याकडं एक माणूस होता, किरकोळ चोरीच्या आरोपावरून आलेला. बरा झाला. दर मंगळवारी विचारायचा, "बाई, माझी तारीख?" मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहिलं. वकील मिळाला, तीन महिन्यांत तो सुटला. एका पत्राचं काम होतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना, दिव्यांगांना, मनोरुग्णालयात किंवा कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०१७ च्या कायद्याचं कलम २७ तर दंडाधिकारी, पोलीस आणि कोठडीचे प्रमुख यांच्यावर ही माहिती द्यायचं बंधन घालतं. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर लिहून ठेवा. कोणाला लागेल सांगता येत नाही.

---

कृष्णाकाठची

काल चौकशी झाली. रात्री झोप लागली नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवतेय.

नवीन वकील केले. जुनं वकीलपत्र काढून घेतलं, आम्ही पालक नेमायचा अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचे कागद. दादानं विरोध केला आणि स्वतःचं नाव सुचवलं. कोर्टानं जिल्हा रुग्णालयाचा अहवाल मागवला. मग काल अण्णांना घेऊन गेलो. न्यायाधीश मॅडमनी गर्दी कमी झाल्यावर, दुपारच्या सुट्टीनंतर चेंबरमध्ये घेतलं. दोन्हीकडचे वकील, काका, दादा, आई, मी.

अण्णांनी टोपी घातली होती. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, बसा." अण्णा बसले आणि त्यांनी विचारलं, "प्रार्थना झाली का?" मॅडम म्हणाल्या, "झाली."

वार विचारला, सांगता आला नाही. मग म्हणाल्या, "शंभराची नोट दिली आणि तीस रुपयांची भाजी घेतली तर किती परत यायला हवेत?" अण्णा म्हणाले, "सत्तर," लगेच, आणि वर, "नोट आधी बघून घ्या." दादाचा वकील म्हणाला, बघा, यांना कळतंय. माझ्या पोटात खड्डा पडला.

मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. "तुम्हाला भाऊ किती?" अण्णा म्हणाले, "एक. धाकटा. विहिरीवर गेलाय, येईल." काका समोरच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. "जमिनीच्या वाटणीचा दावा आलाय, माहीत आहे?" अण्णांनी मॅडमकडं बघितलं आणि म्हणाले, "ते माझ्या वडलांना विचारा. मी लहान आहे."

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग आईकडं वळल्या. आईचं नाव आमच्या वकिलांनी पालक म्हणून दिलं होतं. दादाचं म्हणणं, आई चौथी शिकलेली, तिला कोर्टातलं काय कळणार. मॅडमनी विचारलं, "तुम्ही यांच्या वतीनं उभ्या राहणार का? यांचं नुकसान होईल असं काही करायला कोणी सांगितलं तर काय कराल?"

आई म्हणाली, "विहिरीचं पाणी त्यांनी काढलंय. दोघा भावांनी मिळून. वाटा दोघांचा. जास्त नको, कमी नको."

संमतीच्या कागदावर आईनं सही केली. एक एक अक्षर, वेळ लागला. ही सही अण्णांनीच तिला लग्नानंतर शिकवलेली आहे.

आदेश आज मिळाला. आई पालक.

---

निशिगंध

ताई, वाचून डोळे भरले. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

माणदेशी

मी वर जे लिहिलं होतं ते मागं घेतो. आज्याच्या दाव्याचे कागद काढतोय. दिवाणीवाला साहेब, सवडीनं मेसेज करतो.

---

दिवाणीवाला

चांगला आदेश झाला. त्या सत्तर रुपयांच्या उत्तरावर थांबल्या नाहीत, हे फार महत्त्वाचं. वजाबाकी येणं आणि आपल्यावर दावा आहे हे उमगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच चौकशा वार-तारीख विचारून दोन मिनिटांत उरकतात.

पुढच्यासाठी एक. दादा आता लोकअदालतीत तडजोड करू म्हणेल. आईनं पालक म्हणून तडजोडीवर सही करायची तर नियम ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी आधी लागते, शपथपत्र लागतं, आणि वकिलानं लिहून द्यावं लागतं की ही तडजोड अण्णांच्या फायद्याची आहे. परवानगी नसेल तर ती तडजोड अण्णांच्या वतीनं रद्द करून घेता येते. हिश्श्याचे पैसे आले तरी ते कोर्टाच्या परवानगीशिवाय आईच्याही हातात पडणार नाहीत. कोणी पुरसिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, घाईनं सही मागितली तर द्यायची नाही, एवढं आईंना सांगून ठेवा.

---

कृष्णाकाठची

सांगितलं. आई म्हणाली, "मी वाचल्याबिगर सही करत न्हाई. मास्तरांनी तसंच शिकवलंय."

काका परवा घरी आले होते. समन्सनंतर पहिल्यांदा. अण्णांच्या शेजारी ओसरीवर बसले, बोलले काहीच नाहीत. अण्णांनी त्यांना विचारलं, "विहिरीवर पाणी किती आहे?" काका म्हणाले, "दोन पुरुष खोल आहे, अण्णा."

पुढची तारीख २३ ला आहे. आईनं ती चिठ्ठी कॅलेंडरवर भाताच्या शितानं चिकटवली आहे.